काजूच्या कारखान्यात ‘साथी’

मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. पहाटे दाट धुकं, नऊनंतर लख्ख ऊन. दुपारपर्यंत मतलई, म्हणजे जमिनीकडून येणारा वारा होता, भट्टीचा धूर सरळ खाडीकडे जात होता.

काजूच्या कारखान्यामागे टरफलांचा ढीग असतो. तो मुद्दाम कोणी रचत नाही. पुढे काम चालू असतं आणि मागे ढीग वाढत जातो. एके दिवशी विहिरीकडे जायला वाट उरत नाही, तेव्हा कुठे माणसाचं लक्ष जातं. ‘साथी’चे किस्से आमच्याकडे असेच साठले. श्रावणात तो आला, आणि आता वाट अडली म्हणून सांगायला बसलो आहे.

साथी म्हणजे माणूस नव्हे. माणसं सांभाळणारं सॉफ्टवेअर. हजेरी, रजा, कौतुक, कानउघाडणी, सगळं तोच करणार. त्यासाठी हॉलमध्ये कॅमेरे लागले, भिंतीवर माईक लागले, गेटवर टॅबलेट आला आणि प्रत्येकाच्या फोनमध्ये अ‍ॅप आलं. गेटसुद्धा फोन दाखवल्यावर साथीच उघडणार. गेटवरचा भिवा नुसता बाजूला उभा! मालक, म्हणजे आमचे शेठ, मुंबईत बसून हे सगळं बघणार.

साथीबरोबर पुण्याहून निखिल सर आले. पद ‘पीपल मॅनेजर’. इतकी वर्षं आमच्याकडे माणसं होती, पण त्यांना मॅनेज करायचं असतं हे कोणाला सुचलं नव्हतं. मी स्टोअर सांभाळतो. पोती, चाळण्या, हातमोजे. मला सगळे अण्णा म्हणतात. माझी खुर्ची गेट आणि हॉल यांच्या मधे आहे, त्यामुळे दोन्हीकडचं दिसतं आणि ऐकू येतं.

पहिल्याच मीटिंगमध्ये निखिल सरांनी सांगून टाकलं, “दिवाळीनंतर सोलणीला मुकादम लागणार नाही. साथीच मुकादम! सध्याच्या मुकादमांचा स्कोअर ग्रीन आला तर दुसरीकडे सामावून घेऊ. रेड आला तर रिलीज करू.”

रिलीज! जणू आम्ही मुकादमबाईंना कोंडून ठेवलं होतं.

सोलणी म्हणजे भाजलेल्या काजूगरावरची तांबडी साल काढण्याचं काम. तिथल्या मुकादम जुबेदा आपा. नवरा वारला, मुलगा मुंब्र्याला. तो दर महिन्याला फोन करतो, “अम्मी, नोकरी सोड, इकडे ये.” आपा जात नाहीत. मीटिंग संपल्यावर माझ्या स्टोअरमध्ये येऊन पोत्यावर बसल्या आणि म्हणाल्या, “अण्णानू, मुंब्र्याक जावन मी काय करू? खिडकीतसून दुसऱ्याची खिडकी बघू?”

* * *

आमच्याकडे नवं काही आलं की नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. ट्रक असो, पंप असो, कशालाही. हे काम भिवाचं, कारण त्याचा आवाज खाडीपलीकडे पोचतो. उद्घाटनाच्या दिवशी टॅबलेटसमोर नारळ ठेवला आणि भिवाने सुरुवात केली.

“बा देवा महाराजा! आज ह्या कारखान्यात ह्यो नवो साथी इलो हा...”

“व्हय महाराजा!” सगळ्या बायका एका सुरात.

“तेका बरी बुद्धी दी...”

“व्हय महाराजा!”

“कोणाच्या पोटार पाय पडत आसात, तर तो बाजूक कर...”

“व्हय महाराजा!!”

ह्या वेळी पत्रे हादरले. निखिल सर हसत हसत व्हिडिओ काढत होते. नारळ फुटायच्या आत त्यांचा फोन वाजला. मुंबईहून शेठ!

भिंतीवरचे माईक चालू होते, हे कोणाच्या ध्यानात नव्हतं. साथीने ऐकलं ते असं: पुढे एक नेता, मागे जमाव, सामूहिक घोषणा, आवाज चढत चाललेला. त्याने शेठना कळवलं होतं, ‘संपाची शक्यता अतितीव्र. पोलिसांना बोलवायचे का?’

निखिल सर अंगणात फेऱ्या घालत शेठना समजावत राहिले. “सर, इट्स अ प्रेयर... नाही सर, मागण्या देवाकडे आहेत...”

भिवा खोबऱ्याचे तुकडे वाटत म्हणाला, “देवान आयकल्यान काय नाय ता म्हायत नाय. पण ह्येना लगेच आयकल्यान!”

* * *

पहिल्या आठवड्याचे स्कोअर लागले. जुबेदा आपा रेड.

कारण काय? ‘जागेवर असण्याचा वेळ अत्यल्प.’ आता मुकादम जागेवर बसली तर मुकादम कसली! आपा दिवसभर बाकांमधून फिरतात. कोणाची सुरी बोथट, कोणाची टोपली भरली, कोणाच्या गरात किडका निघाला, हे बघायला फिरावंच लागतं. साथीच्या हिशेबी ती भटकंती होती.

आणि सगळ्यात हिरवा कोण? पॅकिंगचा हिशेब ठेवणारा पाटकर! हा माणूस जेवण झालं की खुर्चीत झोपतो. मान ताठ, पेन हातात, समोर कागद. इतक्या वर्षांच्या सरावाने तो ह्या कलेत असा तयार झाला आहे की आम्हीसुद्धा कधीकधी फसतो. साथीने त्याची नोंद केली होती, ‘एकाग्रता असामान्य.’

निखिल सरांनी प्रमाणपत्र छापून आणलं, ‘स्टार ऑफ द वीक’. जेवणानंतर सगळ्यांना पॅकिंगमध्ये बोलावलं. छोटंसं भाषण झालं. टाळ्या झाल्या.

टाळ्यांनी पाटकर जागा झाला आणि घाबरून म्हणाला, “झोपूक नाय हां मी!”

* * *

गेटवरचा टॅबलेट रोज सकाळी विचारायचा, ‘आज कसे वाटते आहे?’ खाली पाच चेहरे. एका टोकाला खदखदून हसणारा, दुसऱ्या टोकाला रडणारा. एकाला बोट लावल्याशिवाय गेट उघडत नाही.

आमच्या बाजूला कोणी विचारलं की कसं काय, तर बरं आहे म्हणायची पद्धत नाही. ‘काय सांगू’, ‘चल्लाहा कसातरी’, ‘कंबर धरली हा’. लॉटरी लागलेला माणूससुद्धा आधी कमरेचं सांगेल. बरं आहे म्हटलं की दृष्ट लागते. त्यामुळे सगळ्या बायकांनी रांगेत उभं राहून, गप्पा मारत, खिदळत, रडक्या चेहऱ्याला बोट लावलं. रोज!

आठवड्याने साथीचा अहवाल आला: ‘संपूर्ण कारखाना नैराश्यग्रस्त. तातडीने उपाय करावा.’

उपाय म्हणजे हास्ययोग. जेवणाच्या सुट्टीतला अर्धा वेळ कापून! निखिल सर अंगणात उभे राहून हात वर करायचे आणि म्हणायचे, “हा हा हा! हो हो हो!” समोर उपाशी बायका. डब्यातली बांगड्याची आमटी थंड होते आहे आणि ह्या हात वर करून हो हो हो.

तिसऱ्या दिवशी आपा पुढे झाल्या. “सर, आमी रडत होतो तेवा आमचा बरा चल्लला. आता तुमी हसूक लावतास. आता खरांच रडू येता, त्येचा काय करूचा?”

सरांनी लिहून घेतलं. त्या दिवशीच्या अहवालात आपांच्या नावापुढे एक ओळ वाढली, ‘बदलाला विरोध.’

* * *

मग गणपती.

आमच्या जिल्ह्यात गणपतीला रजा मागत नाहीत. लोक नसतात, एवढंच. जुन्या मालकांच्या काळी त्या दिवसांत भट्टीच पेटवत नसत. पण आता रजेचा अर्ज साथीकडे करायचा होता. सगळ्यांनी केले. साथीने उत्तर दिलं, ‘एकाच वेळी इतक्यांना रजा देता येणार नाही. कामाचा ताळमेळ राखून आपल्याला पुढील तारखा देण्यात येत आहेत.’

कोणाला गणपतीची रजा पितृपक्षात मिळाली, कोणाला नवरात्रात. भिवाला मिळाली दिवाळीनंतर!

भिवा टॅबलेटकडे बघत राहिला. मग म्हणाला, “बरां. देवाक सांगतंय, यंदा जरा दमान ये.”

चतुर्थीला कारखान्यात कोण आलं? निखिल सर, मी (आमच्याकडे सुतक होतं) आणि जुबेदा आपा. आपा दर वर्षी येतात, रिकामा हॉल झाडून घेतात, चाळण्या धुऊन ठेवतात. निखिल सर मात्र हॉलच्या दारात लॅपटॉप घेऊन उभे. साथीने विचारलं होतं, मुकादम हजर असून उत्पादन शून्य का?

“आपा, आज काहीच प्रॉडक्शन नाही?”

“सर, बायका नाय, भट्टी नाय, काजी नाय. सोलू कोणाक? तुमका?”

साथीने नोंद केली: ‘नेतृत्वगुणांचा अभाव.’ एकट्या त्याच आल्या होत्या, आणि नोंद त्यांचीच झाली.

* * *

भिंतीवरचे माईक बोलण्याचा सूरही मोजायचे. आपांच्या आवाजात साथीला रोज ‘शाब्दिक हिंसा’ सापडू लागली.

आता सोलणीच्या हॉलमधलं बोलणं कसं असतं ते सांगायला हवं. आपा एका टोकाकडून ओरडतात, “गो सुमन, हात झडले काय गो तुजे? का माजरान खाल्ल्यान बोटां?” दुसऱ्या टोकाकडून सुमन ओरडते, “माजराक तुमच्याकडेच धाडलंय, जीभ खावक!” सगळा हॉल हसतो आणि हात भरभर चालतात. सुमनच्या बाळंतपणात आपा रोज डबा घेऊन जायच्या. ज्या बाईशी आपा असं बोलत नाहीत, तिने समजावं की आपलं काहीतरी बिनसलं आहे.

साथीने आपांसाठी नवीन वाक्यं लिहून दिली. निखिल सरांनी ती लॅमिनेट करून आपांच्या गळ्यात अडकवली. ओरडायचं नाही, जवळ जाऊन हे वाचायचं.

आपा सुमनपाशी गेल्या. चष्मा लावला. वाचलं, “प्रिय सहकारी सुमन, आपल्या परिश्रमांची आम्हाला जाणीव आहे. आपली गती किंचित वाढल्यास आम्हाला आनंद होईल. धन्यवाद.”

सुमनने सुरी खाली ठेवली. तिचा चेहरा पडला. बाकीच्यांचे हात थांबले.

“आपा,” ती हळूच म्हणाली, “माजा काय चुकला?”

“काय नाय गो.”

“मगे असा कशाक बोलतास? माका काढल्यांनी काय?” आणि ती पदर तोंडाला लावून रडायलाच लागली. बाजूची रडली. तिच्या बाजूचीही. कोणाला तरी काढलं, ही बातमी जेवणाच्या सुट्टीपर्यंत भट्टीपर्यंत पोचली होती.

आपांनी गळ्यातलं लॅमिनेशन काढलं, माझ्या स्टोअरमध्ये आणून ठेवलं आणि परत जाऊन दारातूनच ओरडल्या, “रडतंस काय गो रडके! काजीत मीठ पडता मा!”

हॉल हसला. हात चालू झाले. आणि आपा पक्क्या रेड झाल्या.

निखिल सरांना मी एकदाच बोललो. “सर, हॉल चालतो आहे तो ह्या आवाजावर.” ते म्हणाले, “अण्णा, तुमच्या भावना समजतात.” हे वाक्यसुद्धा साथीच्या यादीतलं होतं. मी यादी वाचली होती.

* * *

एक छोटासा किस्सा सांगून टाकतो.

दसऱ्यानंतर वादळ झालं. खांब पडले, वीज गेली, आठवडाभर कारखाना बंद. भट्टी थंड, माणूस नाही, कॅमेरे बंद. त्या आठवड्याचा अहवाल वेळेवर आला. चांगला जाडजूड, रंगीत तक्त्यांसकट. ‘तक्रारी नाहीत, भांडणे नाहीत, उशिरा येणे नाही. कारखान्याचे वातावरण उत्साहवर्धक.’

निखिल सर अहवाल साथीकडून लिहून घ्यायचे. मुंबईत शेठना एवढं वाचायला वेळ नाही, म्हणून तेही तो साथीकडून वाचून घ्यायचे. उत्तरही साथीच द्यायचा. त्या वेळचं उत्तर आलं, ‘अभिनंदन. हीच पातळी कायम ठेवा.’

* * *

आता गावपळणीचा.

आमच्या कारखान्यातली निम्म्याहून जास्त माणसं खाडीपलीकडच्या एकाच गावातली. त्या गावाची रीत आहे. काही वर्षांनी देवाचा कौल होतो आणि सगळं गाव तीन दिवस, तीन रात्री शिवेबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. हिंदू असो, मुसलमान असो, भाडेकरू असो, पाहुणा असो, मागे कोणी राहायचं नाही. शिवेबाहेरच्या माळावर नारळाच्या विणलेल्या झापांच्या खोपी घालायच्या, तिथेच रांधायचं, तिथेच भजनं आणि फुगड्या. कामधंद्याला जायला हरकत नाही, फक्त गावात पाय ठेवायचा नाही. मग पुन्हा कौल घ्यायचा आणि घरी परतायचं. असं का, ते विचारत बसायचं नाही. आजे-पणजे निघत आले, म्हणून निघायचं.

यंदाची पळण दिवाळीनंतर नेमकी अशा वेळी आली की आपांचं रिलीजचं पत्र तयार होतं. निखिल सरांनी ते साथीकडून लिहून घेतलं होतं, ‘आपल्या पुढील प्रवासास शुभेच्छा’ वगैरे. सोमवारी द्यायचं ठरलं. आपांना ते माहीत होतं. मुंब्र्याच्या मुलाने तिकिटाचं विचारलंही होतं.

गुरुवारी संध्याकाळी मी माळावर गेलो. भिवा, सुमन, पाटकर, सगळे तिथलेच, सगळ्यांच्या खोपी झालेल्या. आपा आपल्या खोपीचं झाप बांधत होत्या. “अण्णानू, ही माजी शेवटची पळण. पुढच्या वक्ताक मी मुंब्र्यात. थंय माका कोण भायर काढतलो?”

मी झापाचं दुसरं टोक धरलं.

तेवढ्यात वाटेवरून निखिल सर आले. पाठीवर सॅक, एका हातात लॅपटॉप, दुसऱ्या हातात उशी. ते त्याच गावात भाड्याने राहायचे, त्यामुळे घरमालकाने त्यांनाही बाहेर काढलं होतं!

“अण्णा, मी त्यांना म्हटलं, मी भाडं भरलंय. ते म्हणाले, भाड्याचा काय नाय, देव सांगता. हे काय लीगल आहे?”

त्यांना खोप कोण देणार? सगळ्या भरलेल्या. शेवटी आपांनीच आपल्या खोपीच्या बाजूला साडी बांधून आडोसा करून दिला आणि ताट वाढलं. सर ताटाकडे बघत अवघडून उभे राहिले.

“जेवा सर,” आपा म्हणाल्या. “पत्र सोमवारचा मा? आज तर गुरवार.”

सर जेवले. दोनदा मागून घेतलं.

आपांची खोप माळाच्या मधोमध. भिवाच्या पुतण्याने तिथे जनरेटर आणून लांब बोर्ड टांगला होता. संध्याकाळी सगळे आपापले फोन तिथे चार्जिंगला लावायचे आणि भजनाला जाऊन बसायचे. निखिल सरांनीही लावला.

माळाच्या पलीकडच्या कडेला एक पत्र्याची लांब शेड आहे. तीही काजूचीच, पण दुसऱ्या मालकाची.

शनिवारी सकाळी स्टोअर उघडत होतो, तर शेठचा फोन. मला! इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

“अण्णा, निखिल कुठे आहे?”

“येतील साहेब. माळावर आहेत.”

“म्हणजे खरंच आहे! तोही त्यांच्यात आहे!”

साथी रात्री प्रत्येकाचा फोन कुठे आहे ते बघायचा, कंपनीची बस कुठे थांबवायची ते ठरवायला. त्याने शेठना कळवलं होतं की निम्मा कारखाना एका दिवसात घरं सोडून गेला आहे. सगळे एकाच ठिकाणी जमले आहेत, प्रतिस्पर्धी कारखान्याच्या दारात. सगळे एका बाईभोवती गोळा होतात. पीपल मॅनेजर तिच्या शेजारीच असतो.

मी म्हटलं, “साहेब, गावपळण आहे.”

“म्हणजे?”

“देवाने सांगितलं की गाव तीन दिवस रिकामं करतात. रविवारी कौल झाला की परत जातील.”

“रिकामं म्हणजे? अख्खं गाव?”

“हो साहेब.”

“म्हातारी माणसं?”

“हो.”

“कुत्री-मांजरं?”

“कोंबड्यासुद्धा.”

शेठ मग हळू आवाजात म्हणाले, “अण्णा, त्यांनी तुम्हालाही फोडलं का? निदान पटेल असं तरी सांगा!”

फोन ठेवला.

साथीने शेठना तीन उपाय सुचवले होते, प्रत्येकाखाली ‘होय’चं बटण. शेठनी तिन्ही दाबली.

रविवारी सकाळी कौल झाला. देवाने घरी जायला सांगितलं. दुपारपर्यंत खोपी मोडल्या, गुरं पुढे, माणसं मागे, गाव पुन्हा भरलं. निखिल सर उशी घेऊन आपल्या खोलीवर गेले. जाताना आपांना म्हणाले, “आपा, खरंच सॉरी. पण डिसिजन साथीचा आहे.”

“व्हय तर,” आपा म्हणाल्या. “तुमचो काय दोष?”

सोमवारी सकाळी आपा ठेवणीतली साडी नेसून आल्या. आम्ही सगळे गेटच्या आत उभे होतो. सुमन आधीच रडत होती. निखिल सर आले, हातात पत्राचं पाकीट. त्यांनी टॅबलेटसमोर फोन धरला.

गेट उघडलं नाही.

पुन्हा धरला. टॅबलेटवर लाल अक्षरं आली, ‘प्रवेश बंद. आपल्या पुढील प्रवासास शुभेच्छा.’

“भिवा, गेट उघड!”

भिवा बाजूला उभा होता, जिथे त्याला उभं राहायला सांगितलं होतं. तो म्हणाला, “सर, माज्या हातात काय आसा? डिसिजन साथीचो.”

साथीचा अहवाल त्याच दिवशी आला. ‘कर्मचारी टिकवण्याची मोहीम यशस्वी. सर्वजण स्वगृही परतले.’

निखिल सर दुपारच्या गाडीने पुण्याला गेले. पाकीट भिवाच्या केबिनमध्ये राहिलं. साथीचं कंत्राट शेठनी वाढवलं, तोही त्या तीन उपायांतलाच एक. जुबेदा आपांच्या नावापुढे आता हिरवा रंग आहे आणि शेजारी लिहिलं आहे, ‘कोणत्याही परिस्थितीत सोडू नये.’ आपा सोलणीच्या मुकादम आहेत.